नागडी बाटली

आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर शास्त्रीय सल्लागारांचे चार फोटो होते. तिघे टाय लावून हसत होते. चौथ्याच्या सदऱ्याचं वरचं बटण उघडं, केस विस्कटलेले, आणि नजर कॅमेऱ्याकडे नाहीच. फोटोग्राफरच्या मागे कोणीतरी दार उघडं टाकलंय आणि आता त्याला झापलंच पाहिजे, असा चेहरा. ते आमचे सर. फोटो काढताना खरोखरच कोणीतरी दार उघडं टाकलं होतं.

पहिले तिघे वर्षातून एकदा यायचे. गाडीतून उतरायचे, पडद्यावर चित्रं दाखवायचे, जेवायचे आणि तुमच्याकडे ऊन फार बुवा, असं म्हणत पुण्याला परत जायचे. सर मात्र दर गुरुवारी यायचे. दौंडहून, एसटीनं. शिरूरला गाडी बदलायची, कारेगावच्या फाट्यावर उतरायचं आणि चालत यायचं. साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, पहिल्याच महिन्यात त्यांच्यासाठी गाडी पाठवली होती. ती सरांनी एकदाच वापरली. उतरल्यावर म्हणाले, "गाडीत अत्तर मारलंय. आता दुपारपातुर मला काय बी हुंगता येणार न्हाई. ही गाडी पेशी आणायला ठेवा. मला यष्टी बरी."

हुंगण्यावर त्यांचा सगळा भर. ज्या निर्जंतुक खोलीत पेशी वाढवायच्या तिला आम्ही क्लीन रूम म्हणायचो. तिच्या दाराशी सर उभे राहायचे आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचा वास घ्यायचे. मोगऱ्याचं तेल लावलेली मुलगी परत. सर्दीवाला परत. "शेंगदाणं खाल्लंस. हात धुतलेस, नखं न्हाई धुतली." परत. एकदा त्यांनी खुद्द साहेबांनाच दारातून माघारी पाठवलं, कारण साहेबांनी दाढी केल्यावर काहीतरी थंडगार फासलं होतं. बाजारात शेरडं घेणारा माणूस बघतो तसं सर आमच्याकडे बघतात, असं आम्ही मुली आपापसात म्हणायचो. दात तेवढे बघायचे राहिले होते.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. औद्योगिक वसाहतीच्या शेवटच्या रांगेत आमची शेड होती. आजूबाजूचे सगळे गाड्यांचे सुटे भाग करायचे. आम्ही माणसांचे करतो, असं कारेगावात पसरलं होतं. मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होते त्या घरमालकीणबाईंनी मला एकदा हळूच विचारलं होतं, "का गं, किडनी ठेवता का तुमी?" मी सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी करून नुकतीच क्वालिटी विभागात लागले होते आणि आपण फार मोठ्या ठिकाणी आलो आहोत अशा तोऱ्यात होते. मी त्यांना समजावून सांगितलं. माणसाच्या कमरेच्या हाडातून मगज काढायचा. त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, वेगळ्या करायच्या. गुलाबी पोषक पाण्यात त्या वाढवायच्या आणि जिथं रक्त पोचत नाही तिथं त्याच माणसाला परत टोचायच्या. बाई म्हणाल्या, "म्हंजी त्याचंच त्याला. मग तुमी काय करता?" हा प्रश्न पुढे मी सरांना सांगितला तेव्हा ते इतके खूश झाले, की त्या बाईंना पाचवा सल्लागार नेमा म्हणून साहेबांच्या मागे लागले.

सर मूळचे कवठे येमाईचे. धनगराघरचे. शाळेत नाव घालेपर्यंत बापामागे मेंढरं हिंडवलेली. मग जनावरांचे डॉक्टर झाले, परदेशात जाऊन पेशींवर काम करून आले, कॉलेजात शिकवलं आणि निवृत्त होऊन दौंडला राहिले. फोनवर परदेशी माणसाशी बोलताना त्यांचं इंग्रजी कडक इस्त्रीचं असायचं. फोन ठेवला की लगेच कवठ्याला परत. पेशींना ते जितराब, म्हणजे गुरंढोरं, म्हणायचे. आल्या आल्या पहिला प्रश्न, "जितराब कसं हाय?" कोणी प्रॉडक्ट म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "प्रॉडक्टला भूक लागती का? प्रॉडक्ट मरतं का? मग?" सूक्ष्मदर्शकातून बघताना, काच सरकवता सरकवता ते जिभेनं टाळूवर चुक् चुक् असा आवाज काढायचे, मेंढरं वळवताना काढतात तसा. पेशी वळायच्या की नाही माहीत नाही, पण एकदा पडद्यावर चित्रं दाखवायला आलेल्या टायवाल्या सल्लागारांना तो आवाज ऐकून हसू आवरेना, आणि त्यांना बाहेर जावं लागलं.

गुरुवारी सकाळी ते घरी पूजा करून, कपाळाला भंडारा लावून निघायचे. आमच्या गेटजवळ एक नळ होता. त्या नळावर कपाळ खसाखसा धुऊनच आत यायचे. गेटवरच्या मामांना ते बरं दिसेना. त्यांनी एकदा धीर करून विचारलं, "सर, देवाचा भंडारा धुता व्हय?"

"देव हितंच थांबतो तुमच्यापाशी," सर म्हणाले. "त्याला आत काय काम न्हाई आन् घाई बी न्हाई."

साहेबांचं आणि त्यांचं कसं जमलं, हे मला कायम कोडं होतं. साहेब बागायतदार घराण्यातले, सोसायटीत आणि साखर कारखान्यात ज्यांचं वजन त्यांच्यातले. माणूस वाईट नव्हता. उतावळा होता. एकदा मुंबईहून पैसे गुंतवणारी मंडळी आली. साहेबांनी तासभर सुंदर भाषण केलं. सर कोपऱ्यात डोळे मिटून बसलेले. एका पाहुण्यानं सरळ त्यांनाच विचारलं, "सर, हे औषध लागू पडतं का?"

सरांनी डोळे उघडले. "कवा कवा पडतं. का पडतं ते मला न्हाई कळलेलं. तुम्हाला कळलं तर मला कळवा."

साहेबांचा चेहरा असा झाला की मी पाण्याचा ग्लास घेऊन उभीच राहिले. पण गंमत म्हणजे त्या मंडळींनी पैसे दिले. जाताना त्यांच्यातला एक म्हणाला, की हा एक म्हातारा आहे तोवर तुमच्यावर केस होणार नाही. साहेबांनी ते स्तुती म्हणून घेतलं.

आता नागडी बाटली. पेशी वाढतात त्या गुलाबी पाण्यात जंतू आणि बुरशी मारणारी औषधं घालायची पद्धत असते. आम्हीही घालायचो. पण प्रत्येक रुग्णाच्या पेशींमधला थोडासा वाटा सर एका वेगळ्या बाटलीत ठेवायला लावायचे, आणि त्या बाटलीत कसलंही औषध नाही. तिला ते नागडी म्हणायचे. "औषधातल्या बाटल्या पाव्हण्यात नेसून आलेल्या असत्यात. सगळ्या सभ्य. नागडीत काय हाय ते दिसतं." आम्हाला तो शब्द तोंडानं उच्चारायला लाज वाटायची, म्हणून आम्ही चिकटपट्टीवर 'ना. बा.' लिहायचो. बाकीच्या बाटल्यांना जेव्हा जेव्हा नवं पाणी घालू, तेव्हा नागडीलाही घालायचं आणि मग काही दिवस नुसतं बघत बसायचं. नागडी स्वच्छ राहिली तरच सर सही करणार आणि त्यांच्या सहीशिवाय थेंब बाहेर जाणार नाही. साहेबांना हा वेळेचा सत्यानाश वाटायचा. मलाही वाटायचा, खोटं कशाला बोलू. आणि त्या वर्षी तर मला त्या बाटलीचा संताप आला, कारण त्या वर्षी बाटल्यांतल्या पेशी माझ्या वडिलांच्या होत्या.

आमचं गाव राहू. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. आजोबांपर्यंत आमच्याकडेही मेंढरं होती. आण्णांनी ती विकून शेतीत जीव घातला. कष्टाला वाघ, पण विडी तोंडातून सुटायची नाही. पन्नाशीच्या आतच त्यांच्या डाव्या पायाची बोटं निळी पडली. मग दोन बोटं काळी झाली. रात्रभर पाय खाटेखाली लोंबता सोडून बसायचे, तसं केलं की ठणका कमी व्हायचा म्हणे. पुण्याच्या सर्जननी सांगितलं की विडीनं पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडत आल्या आहेत. काळं वर सरकलं तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. आण्णा घरी येताना गाडीत एवढंच म्हणाले, "एका पायावर दारं कशी धरायची गं?" उसाला पाणी देणं म्हणजे दारं धरणं, चिखलातून वाफ्यावाफ्याला फिरणं. दुसरं कुठलं काम त्यांना ठाऊकच नव्हतं.

नेमका आमच्या कंपनीचा उपचार ह्याच आजारावर तपासून पाहणं चाललं होतं. मी साहेबांकडे गेले, ते लगेच हो म्हणाले. सरांनी सगळे कागद वाचले, आण्णा निकषात बसतात म्हणाले आणि मला बजावलं, की बाप तुझा असला तरी त्याच्या बाटल्यांना तू हात लावायचा नाहीस, लांबून बघायचं. घट बसायच्या आधी आण्णांच्या कमरेतून मगज काढला. पेशी छान वाढत होत्या. मी रोज काचेतून बघायचे आणि आईला फोन करून सांगायचे, आज इतक्या दिसल्या, आज त्याहून जास्त. आई देवापुढे साखर ठेवायची.

खंडेनवमीला मी रजेवर होते, आण्णांना ताप आला म्हणून. शस्त्रं, अवजारं, यंत्रं पूजायचा तो दिवस. आमच्याकडे दरवर्षी जनरेटरला आणि गाड्यांना हार घालून पूजा व्हायची. त्या वर्षी मात्र मी नसताना काय घडलं ते मला नंतर कळलं, तेव्हा ते पुढे सांगते.

दसरा झाला. बाटल्यांना शेवटचं पाणी घातलं. सर्जननी सोमवारची वेळ दिली, आणि सर फोनवर म्हणाले, "सही गुरुवारी."

साहेबांनी त्यांना फोनवर विनवलं, मग चढा आवाज केला, मग मला बोलावून हात वर केले. रविवारी सकाळी मी शिरूरहून एसटी धरली आणि दौंडला त्यांच्या घरी गेले. सर अंगणात पाटावर बसून साबणानं चपला धूत होते. दर रविवारी धुवायचे.

"सर, उद्याची वेळ मिळालीय. तुमची एक सही हवी."

"गुरुवारी."

"गुरुवारपर्यंत काळं घोट्याला पोचेल. मग पाय जाईल."

"जाईल कदाचित."

"बाटल्या स्वच्छ आहेत सर. मी रोज बघते."

"औषधातल्या बघतीस. आन् नागडी?"

"तिच्यातही अजून काही नाही."

"अजून," सर म्हणाले आणि दुसरी चप्पल उचलली.

माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुमचे वडील असते तर असे चपला धूत बसला असता का?"

त्यांचा हात थांबला. रागावले नाहीत. "माझा बाप असता तर मी कालच सही केली असती, पोरी. म्हणून तर सही दुसऱ्याच्या हातात ठेवत्यात." मग पाणी ओतत म्हणाले, "पाय गेला तर माणूस राहतो. घाण आत गेली तर पाय बी जातो आन् माणूस बी. रक्त न पोचणाऱ्या पायात बुरशी टोचली तर तिला अडवायला तितं कोण हाय?"

त्यांच्या मंडळी चहा घेऊन बाहेर आल्या. तो न घेता मी निघाले. बसमध्ये शिरूर येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना जे जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सोमवार गेला. मंगळवारी आण्णांच्या पायाचा वास येऊ लागला. बुधवारी आईनं फोनवर विचारलं, "तुमच्या त्या सहीवाल्या सायबाला कोन वरचा सायब न्हाई का?"

गुरुवारी सर आले, नळावर कपाळ धुतलं, आत गेले. थोड्या वेळानं त्यांनी मला काचेपाशी बोलावलं आणि नागडी दिव्यासमोर धरली. तळाशी, कापसाचा धागा पडावा तसं, काहीतरी पांढरं तरंगत होतं.

ते काय आहे हे सांगायला कोणी नको होतं, बुरशी ओळखण्यासाठीच मला पगार मिळत होता. मी तिथंच बाहेरच्या फरशीवर बसले. पहिल्यांदा जे वाटलं ते सांगते. सुटलो. आण्णांचं औषध नासलं होतं, पाय वाचायची एकमेव आशा त्या बाटलीत कुजत होती, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता. सोमवारी हे आण्णांच्या पोटरीत गेलं असतं, माझ्या हट्टानं गेलं असतं. मी हुंदके देऊन रडले. सगळ्यांना वाटलं दुःखानं रडतेय. मीही तसंच वाटू दिलं.

बाकीच्या बाटल्या अजूनही सभ्यच दिसत होत्या. साहेब म्हणालेसुद्धा, "सर, ह्या चांगल्या दिसतात की." सरांनी प्रत्येकीतलं थोडं थोडं घेऊन बिनऔषधाच्या पाण्यात घालून ठेवलं. दोनतीन दिवसांत एकूणएक बाटलीला मिश्या फुटल्या. मग साहेबांनीच त्या जाळायला सांगितल्या.

घाण आली कुठून, ह्याचा शोध सरांनी अर्थातच नाकानं लावला. पेशींच्या उबेच्या कपाटाच्या, म्हणजे इन्क्युबेटरच्या, दाराशी ते वाकले, रबराच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि हुंगलं. "हळद."

मग सगळं बाहेर आलं. ते कपाट नवं होतं, बाहेरच्या देशातून मागवलेलं, कंपनीतली सगळ्यात महागडी वस्तू. खंडेनवमीला साहेबांच्या आई, आक्का, पूजेचं ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या की गाड्या पुजता, जनरेटर पुजता, आणि ज्याच्यात माणसाचा जीव वाढतो त्याला नुसतंच ठेवता? हे सगळ्यांना पटलं. आक्कांनी नियम मात्र एकूणएक पाळले. नऊवारीवर गाऊन चढवला, केसांवर टोपी, तोंडाला मास्क, पायात पिशव्या, हातात मोजे. नारळ स्पिरिटनं दोनदा पुसून घेतला आणि फोडला तो बाहेर. उदबत्ती लावली नाही, धूर होईल म्हणून. फक्त पाच बोटं हळद, कुंकू आणि मुठीला झेंडूचं एक फूल. सगळ्यांनी मोजे घातलेल्या हातांनी टाळ्या वाजवून आरतीही म्हटली, मास्कमधून. कोणाला काही खटकलंच नाही, कारण प्रत्येक जण नियमात होता. झेंडूला गाऊन नव्हता, एवढंच.

आक्कांना हे कळलं तेव्हा त्या स्वतः आल्या. मोठ्या घरची करारी बाई, पण ओचा हातात धरून सरांपुढे उभी. "मास्तर, माझ्या हातनं पाप झालं. त्या पोरीच्या बापाचं औषध मी नासवलं."

आता हे काय बोलतात म्हणून आम्ही सगळे भिंतीला चिकटलो. सर खाली वाकले आणि त्यांच्या पाया पडले. "आक्का, तुम्ही पुजलंत म्हणून कळलं. न्हाईतर कोण कवा काय घेऊन आत जातंय त्याचा मला पत्ताच लागला नसता. दाराला पक्कं कुलूप न्हाई, ही माझी चूक हाय." मग उठता उठता म्हणाले, "पण नारळ स्पिरिटनं पुसायचं डोकं कुणाचं?"

"माझंच," आक्का म्हणाल्या.

"हितं नोकरी करता का?"

आक्का रडता रडता हसल्या, तेव्हा कुठे साहेबांनी श्वास सोडला. पुढच्या वर्षापासून इन्क्युबेटरचा मोठा फोटो चौकटीत बसवून बाहेर ऑफिसात लावला आणि खंडेनवमीला त्या फोटोला हार, हळद, कुंकू, सगळं यथासांग होऊ लागलं.

हे हसणं नंतरचं. तेव्हा आण्णांचा पाय तसाच होता. सर्जननी दोन मेलेली बोटं काढली आणि सांगितलं की इथं थांबलं तर ठीक, वर चढलं तर गुडघ्याखाली. पुन्हा मगज काढून पेशी वाढवायला महिना लागणार होता. तेवढा वेळ पाय देईल की नाही, कोणालाच सांगता येत नव्हतं.

त्या आठवड्यात सर न सांगता राहूला आले. मी घरीच होते. आण्णा ओसरीवर खाटेवर, पायाला पट्टी, आणि उशाखाली विडीचं बंडल. मला वाटलं सर आता ओरडणार. ते पायथ्याशी टेकले आणि म्हणाले, "पाव्हणं, मेंढराच्या खुराला कीड लागली तर तुमच्याकडं काय करायचे?"

आण्णा जरा चक्रावले. "आदी वल्या रानातनं हलवायचं. वाळल्यावर न्यायचं. मग औषध."

"औषध आदी घातलं तर?"

"वल्यात उभं करून औषध घालून काय उपेग? वाया जातंय."

"मग तुम्ही वल्यात उभं हाय," सर म्हणाले. "विडी म्हंजी वलं रान. आमच्या बाटलीनं तुमचा पाय वाचंल का, मला सांगता येत न्हाई. मी कंपनीचा सल्लागार हाय आन् तरी सांगता येत न्हाई. पर विडी सुटली तर ह्यो आजार बहुतेक हितंच थांबतो. ह्यात माझी बाटली लागत न्हाई."

आण्णा माझ्याकडे बघत म्हणाले, "मग ही पोरगी तितं करती काय?"

"चुकीचं औषध बाहेर जाऊ देत न्हाई," सर म्हणाले. हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते, आणि आठदहा दिवसांपूर्वी मी काय मागायला गेले होते, हे त्यांनी आण्णांना सांगितलं नाही.

आण्णांनी उशाखालचं बंडल काढून सरांच्या हातात दिलं. सरांनी ते आपल्या पिशवीत टाकलं, आणि पुढच्या गुरुवारी त्या पिशवीला विडीचा वास येतो म्हणून स्वतःच स्वतःला क्लीन रूमच्या दारातून परत पाठवलं. दिवसभर ते बाहेर काचेला नाक लावून बसले होते. आण्णांची विडी काही एका दिवसात सुटली नाही. दोनदा गोठ्यामागे सापडले. दुसऱ्यांदा आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "मला बी द्या एक." तेव्हापासून सुटली ती सुटली.

थंडीत जखम कोरडी पडली. काळं वर चढलं नाही. संक्रांतीला आण्णा काठी घेऊन उंबऱ्याबाहेर आले. सर्जन म्हणाले, आता पुन्हा मगज काढून ह्यांना कशाला पेशी टोचताय? आहे तसं राहू दे.

साहेबांना हे कळलं आणि ते हरखले. नव्या माहितीपत्रकात आण्णांच्या पायाचे दोन फोटो टाकायचे ठरले, आधीचा आणि नंतरचा. सल्लागारांची वार्षिक बैठक होती. टायवाल्यांनी माना डोलावल्या. सर डोळे मिटून बसलेले. फोटो पडद्यावर आले तसे म्हणाले, "त्यो पाय आपला न्हाई."

"सर, आपलाच रुग्ण आहे," साहेब म्हणाले. "कमरेतून मगज काढला ना आपण!"

"काढला. आन् जाळून टाकला."

"पण सुधारणा तर झाली!"

"विडी सोडली म्हणून झाली. छापायचा तर विडीचा फोटो छापा, वर काट मारून."

माझ्याकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या, कारण पाय माझ्या बापाचा. मी म्हटलं, "सर म्हणतात ते बरोबर आहे." साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच ते पान काढायला सांगितलं, आणि माझ्या टेबलाशी थांबून विचारलं, "आण्णा बरे आहेत ना?" मला तेव्हा ते फार आवडले.

उन्हाळ्यात सर पुन्हा राहूला आले. म्हणाले, "जो पाय आपला न्हाई तो एकदा नीट बघायचाय." आण्णांनी त्यांना मळ्यात नेलं, ऊस दाखवला, बांधावरून चालून दाखवलं, आणि परतीच्या एसटीला पोचवायला आम्ही तिघे निघालो. आण्णा पुढे. काठी होती, पण ती ते बाभळीच्या शेंगा पाडायला वापरत होते. सर आणि मी मागे.

सर बराच वेळ त्या पायाकडे बघत चालत होते. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पोरी, त्या रविवारी तू माझ्या दारातनं गेलीस, तवापासून गुरुवारपातुर मी जेवलो न्हाई नीट. नागडी स्वच्छ निघाली असती तर? पाय गेला असता आन् बाटली स्वच्छ. मग तुला काय तोंड दाखवणार व्हतो मी?"

मी आण्णांनी पाडलेली एक शेंग रस्त्यातून उचलली.

"बुरशी दिसली तवा मला आनंद झाला," ते म्हणाले. "कुणाच्या तरी बापाचं औषध नासलं आन् मी हिकडं खूश. इतकी वर्षं ह्या धंद्यात काढली, असा आनंद कवा झाला न्हाई. कुणाला सांगायचं हे?"

"मलाही झाला होता, सर," मी म्हटलं. "मी त्या दिवशी आनंदानं रडत होते."

ते रस्त्यातच थांबले. माझ्याकडे बघितलं, आणि मी त्यांना ओळखत होते तेवढ्या काळात पहिल्यांदा ते मोठ्यानं, अगदी पोट धरून हसले. मीही हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत आम्ही दोघं त्या धुळीच्या रस्त्यात उभे राहून हसत होतो.

आण्णा तोवर पार पुढच्या वळणावर पोचले होते. तिथून मागे वळून ते आमच्यावर खेकसले, "अवो मास्तर, चला की जरा पाय उचलून! यष्टी काय तुमच्यासाठी थांबती व्हय?"